डोअर.सिसमधली कॉलरची माहिती बॅच फाइलपर्यंत कशी पोचवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मामांच्या फ्लॉप्यांमध्ये जुन्या बीबीएसचं, म्हणजे लोक मोडेमने फोन लावून ज्यात शिरायचे त्या कॉम्प्युटरवरच्या बुलेटिन बोर्डाचं, सामान सापडलंय. त्यातला एक चिमुकला प्रोग्रॅम (ईएक्सई) डोअर.सिस, म्हणजे बीबीएस फोन करणाऱ्याची (कॉलरची) माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी जिच्यात लिहून ठेवतो ती फाइल, वाचतो आणि एक नवीच बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या डॉस कमांडची यादी, लिहून मोकळा होतो. तो थेट व्हेरिएबल का भरत नाही, आणि तसाच स्वतः लिहायचा तर काय सांभाळायचं?

नव्वदच्या दशकात मुंबईत घरच्या एकाच फोन लाइनवर मी बीबीएस चालवायचो, तेव्हा असली युटिलिटी टर्बो पास्कलमध्ये मीही लिहिली होती.

थेट भरत नाही, कारण भरता येत नाही. डॉस प्रत्येक प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंटची (व्हेरिएबलं जिथे राहतात त्या जागेची) नक्कल देतो. प्रोग्रॅम संपला की नक्कलही गेली, बॅच फाइलला पत्ताच नाही. मेमरीत घुसून मूळ प्रत बदलणारे महाभाग होते, पण तो नसता उद्योग. त्या काळच्या बॅचला फाइलमधली ओळ वाचून व्हेरिएबलमध्ये घालणंही जमत नसे, ती सोय विंडोज एनटीबरोबर आली. म्हणून हा द्राविडी प्राणायाम: युटिलिटीने 'सेट शहर=ठाणे' अशा ओळींची फाइल लिहायची आणि मुख्य बॅचने ती 'कॉल'ने चालवायची. 'कॉल' विसरलात तर मुख्य बॅच तिथेच संपते, उरलेल्या ओळी चालतच नाहीत.

डोअर.सिसमध्ये एका ओळीवर एकच गोष्ट असते. पहिलीवर पोर्ट, दुसरीवर बॉड रेट, चौथीवर नोड (कॉलर कितव्या लाइनवर आहे तो आकडा), दहावीवर नाव, अकरावीवर गाव, पंधरावीवर सिक्युरिटी लेव्हल, एकोणिसाव्यावर उरलेली मिनिटं. फक्त सिक्युरिटी लेव्हलच हवी असेल तर एररलेव्हलवरही (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो त्या आकड्यावर) भागतं, पण त्यात 255 च्या पुढे जाता येत नाही. शिवाय 'इफ एररलेव्हल 10' म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त, त्यामुळे तपासणी मोठ्या आकड्याकडून खाली करायची.

आता खरी डोकेदुखी. नाव कॉलरने स्वतः टाइप केलेलं असतं! माझ्याकडे एकाने टोपणनावात '>' घातलं. दुसऱ्या दिवशी डिरेक्टरीत शून्य बाइटची एक अनोळखी फाइल, तिचं नाव म्हणजे त्या टोपणनावाचा उरलेला अर्धा भाग. सेटच्या ओळीतलं ते चिन्ह डॉसने रीडायरेक्शन समजून घेतलं होतं. बिचाऱ्याने गंमत म्हणून लिहिलं होतं. त्या जागी कोणी ऑटोएक्झेकचा, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या बॅच फाइलचा, पूर्ण पाथ लिहिला असता तर मशीन पुढच्या वेळी उघडंबोडकं सुरू झालं असतं. त्यामुळे >, <, | आणि % ही चारही चिन्हं युटिलिटीतच काढून टाका. बॅचमध्ये निस्तरायला गेलात तर उशीर झालेला असतो.

अक्षरंही तिथेच कॅपिटल करून घ्या, कारण 'इफ'ला लहान-मोठ्यातला फरक कळतो. तुलना करताना दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्या, नाहीतर गाव रिकामं असलं की सिंटॅक्स एरर. 'सेट'मध्ये बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस नको, ती व्हेरिएबलच्या नावाचाच भाग होते आणि मग शोधत बसा. एन्व्हायर्नमेंटची जागा संपल्याची कुरकुर आली तर कॉन्फिग.सिसमधल्या शेलच्या ओळीत /ई:1024 घाला.

युटिलिटी चालवण्याआधी मागची बॅच फाइल पुसा आणि जुनी व्हेरिएबलंही रिकामी करा. मी हे केलं नव्हतं. एकदा डिस्क भरली, नवी फाइल लिहिलीच गेली नाही, आणि नवख्या कॉलरला आधीच्या माणसाची सिक्युरिटी लेव्हल मिळाली. अर्धा तास तो फाइल एरियात मनसोक्त हिंडत होता. एकापेक्षा जास्त नोड असतील तर प्रत्येकाची फाइल वेगळी, नावात नोडचा आकडा घालून.

आणि हो, डोअर.सिसची चौदावी ओळ पासवर्डची. ती वाचून सोडून द्या, सेटच्या फाइलमध्ये उतरवू नका.