आठपट की दुप्पट?

प्रश्न : मॅडम, मी इंदूरला एम.एस्सी. करते. सोयाबीनच्या कुंड्यांना दहा दिवस पाण्याचा ताण दिला आणि पानांतलं एक डीआरईबी जनुक (ताणात इतर जनुकांना जागं करणारं) किती चालतं ते क्यूपीसीआरवर, म्हणजे प्रती वाढवत मोजण्याच्या तंत्रानं, मोजलं. तुलनेसाठी स्थिर मानलेलं जनुक म्हणून ॲक्टिन धरून हिशेब केला तर ते आठपट वाढलेलं दिसतं, इलाँगेशन फॅक्टर धरला तर फक्त दुप्पट. सर म्हणतात, सगळे ॲक्टिनच वापरतात, आठपट लिही. मला पटत नाही. सीटीचे, म्हणजे कितव्या फेरीत जनुक दिसू लागलं त्याचे, आकडे सोबत पाठवते आहे.
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : आठपट लिहू नकोस. दुप्पटही इतक्यात लिहू नकोस.

आकडे पाठवलेस ते फार बरं केलंस. तुझ्या जनुकाची सीटी पाणी दिलेल्या पानांत २७ आणि ताणाच्या पानांत २६. ॲक्टिनची १९ वरून २१ झाली, इलाँगेशन फॅक्टरची दोन्हीकडे २०. प्रायमर (जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) पुरते काम करत असतील तर सीटी एक अंकानं कमी म्हणजे जनुक दुप्पट. म्हणजे तुझं जनुक स्वतः एकच पायरी हललंय. बाकीच्या दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, ॲक्टिन खाली गेल्यामुळे पदरात पडल्या आहेत.

पण इलाँगेशन फॅक्टर तरी स्थिर आहे कशावरून? ताणाच्या नमुन्यात आरएनए कमी पडलं असेल आणि त्याच वेळी हे जनुक खरोखर वाढलं असेल, तरीही सीटी २० च दिसेल. दोन साक्षीदारांचं जुळत नसलं की तिसरा, चौथा बोलवावा लागतो.

ॲक्टिनवर माझा राग नाही. पाणी तुटलं की पेशींचं वाढणं थांबतं, आणि ॲक्टिन, ट्युब्युलिन हा पेशीचा सांगाडाच आहे. तो ताणात जसाच्या तसा राहील ही अपेक्षाच चुकीची. जीएपीडीएच साखर फोडण्याच्या कामातलं, तेही हलतं. मी हरभऱ्यावर काम करत होते तेव्हा एकट्या जीएपीडीएचवर विसंबले. मुळांत सगळं सुरेख जुळलं, पानांत कोसळलं, आणि दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून सांगते, पानांसाठी निवडलेलं जनुक मुळांना तपासल्याशिवाय लावू नकोस.

पानाच्या वजनावर हिशेब करायचा मोहही टाळ. छावनी मंडीत ओलं सोयाबीन जास्त भरतं, तसंच हे : शंभर मिलिग्रॅम सुकत चाललेल्या पानात ताज्या पानापेक्षा जास्त पेशी असतात.

सोयाबीनची आणखी एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या पिकाचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, पूर्वी दोनदा दुणावला, साधारण ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे जवळजवळ तीन चतुर्थांश जनुकांच्या एकाहून जास्त प्रती आहेत. तुझा ॲक्टिनचा प्रायमर नेमकी कोणती प्रत पकडतो, हे जीनोमवर ताडून पाहा. मेल्ट कर्व्हला (प्रती तापवून वितळवताना येणाऱ्या आलेखाला) एकच टोक आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, सारख्या प्रती एकाच टोकात लपतात.

आता तुलनेसाठी आठ-दहा जनुकं घे, प्रत्येक वेगळ्या कामातलं. सोयाबीनसाठी २००८ मध्ये सुचवलेली कॉन्स-४ आणि एफ-बॉक्सवालं कॉन्स-६ त्यात असू देत. युबिक्विटिनची दोन भावंडं एकत्र घेऊ नकोस : जीनॉर्म ही स्थिरता मोजायची पद्धत जोडीनं वरखाली होणाऱ्यांनाच स्थिर समजते. म्हणून तेच आकडे नॉर्मफाइंडरमध्येही घाल, ते ताण आणि बिनताण हे गट वेगळे धरून फरक पाहतं. जीनॉर्मचा व्ही दोन-तीन (दोनाऐवजी तीन जनुकं धरल्यावर हिशेब किती बदलतो तो आकडा) ०.१५ च्या खाली आला तर दोन जनुकं पुरतात, नाहीतर तिसरं घे. निवडलेल्यांची भौमितिक सरासरी काढून भाग दे.

सरांशी वाद नको. स्थिरतेचा तक्ता त्यांच्यापुढे ठेव आणि सोबत २००९ ची मायकी, म्हणजे क्यूपीसीआरचे प्रयोग कसे मांडावेत याची मार्गदर्शक तत्त्वं. पुराव्याशिवाय एकाच जनुकावर भिस्त ठेवणं त्यांत मान्य नाही. तक्त्यात ॲक्टिन पहिलं आलं, तर सरांचे आठपट बिनदिक्कत लिही.

पानं सगळ्या दिवशी एकाच वेळेला तोडली होतीस ना? सकाळ-संध्याकाळनुसार कितीतरी जनुकं बदलतात. वेळ सारखी असेल आणि उरलेली पानं उणे ८० अंशांना गोठवलेली असतील, तर नव्यानं पेरायची गरज नाही.