‘सलाईन तरी लावा हो!’

शेवटच्या टप्प्यातला रुग्ण घरी असला की घरचे मला सगळ्यात जास्त काय विचारतात? मरणाबद्दल क्वचितच. विचारतात ते जेवणाबद्दल. ‘बाबा दोन चमचे पेजसुद्धा घेत नाहीत. आम्ही त्यांना उपाशी मारतोय का?’ आणि त्याच दमात, ‘निदान सलाईन तरी लावा.’

मी मुंबईत घरोघरी जाणाऱ्या एका पॅलिएटिव्ह पथकात समुपदेशक आहे. आजार बरा होणारा नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, भीती यांवर इलाज असतो, तो घरी पोचवणं हे आमचं काम. बरोबर एक डॉक्टर आणि एक नर्स असतात. जेवणाच्या प्रश्नावर दोन ओळींचं उत्तर देता येतं, पण त्यानं कुणाचं समाधान होताना मी पाहिलेलं नाही. म्हणून एका घराचं सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लालबागची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, वर माळा. काका ७१ वर्षांचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९८२च्या संपानंतर गिरणी गेली आणि पुढची सगळी वर्षं वॉचमनकी. फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत आणि लिव्हरमध्ये पसरला होता, केमो थांबवली होती. घरात काकू, मुलगा, नोकरी करणारी सून आणि आठवीतला नातू. शिवाय काकूंचा थोरला भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, कणकवलीहून येऊन राहिलेला.

काकूंबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. तरुणपणी त्यांनी याच खोलीत एकट्या गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. दोन्ही पाळ्यांची माणसं जेवून जायची. त्यांना माणूस सांभाळायचा म्हणजे काय करायचं ते एकच ठाऊक होतं. आम्ही जाऊ लागलो तेव्हा त्यांचा दिवस असा चालला होता: सकाळी नाचणीची पेज, मग उकडलेलं अंडं, मग पावडर घातलेलं दूध, दुपारी मऊ भात, संध्याकाळी परत पेज. काका तोंड फिरवायचे. मुलगा म्हणायचा, ‘बाबा, आमच्यासाठी एक घास.’ मग काका तो घास गालात धरून बसायचे, नाहीतर ठसका लागून निळे-काळे व्हायचे. दिवसातून पाच वेळा हे युद्ध.

मी काकांनाच विचारलं, ‘भूक लागते का हो?’

‘नाय लागत,’ ते म्हणाले. ‘ह्यांका सांगा, पुढ्यात ताट नको. वास इलो तरी ढवळता.’

हे त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. काका इतके दिवस खात होते ते बायकोमुलाचं मन राखायला. त्या खोलीतला त्रास उपासाचा नव्हताच, भरवण्याचा होता.

तरीही ‘जेवण सुटलं म्हणजे संपलं’ असं लगेच धरून चालू नका. डॉक्टरांनी आधी इलाज होण्यासारखी कारणं शोधली. तोंडात पांढरी बुरशी आहे का, दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनमुळे पोट साफ होत नाही का, रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का. कॅन्सर हाडांत गेला की कॅल्शियम वाढू शकतं, त्यानं भूक मरते, गुंगी येते, आणि अशा वेळी सलाईनचा खरोखर उपयोग होतो. काकांचं कॅल्शियम ठीक निघालं. पण तोंडात बुरशी होती आणि पाच दिवस शौचाला झालं नव्हतं. दोन्हीवर औषध दिल्यावर थोडे दिवस ते चहात बुडवून खारी आणि आइस्क्रीम मागून खाऊ लागले. काकूंना वाटलं, गाडी रुळावर आली. मग पुन्हा सगळं सुटलं, आणि या वेळी शोधण्यासारखं कारण उरलं नव्हतं.

तेव्हा मामा उभे राहिले. ‘आमच्या गावात माणूस अंथरुणाला लागला की पहिली सलाईन लावतत. मुंबईत राहून ही दशा? औषध कसलं देतात तर नशेचं!’

नशेच्या मुद्द्यावर डॉक्टर फार वेळ थांबले नाहीत. दुखण्याच्या मापानं दिलेल्या मॉर्फिनची चटक सहसा लागत नाही, श्वासही बंद पडत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबत द्यावंच लागतं. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली कायदा बदलला आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयांची वाट सोपी झाली. तरी घराघरांत मॉर्फिनची भीती अजून जुनीच आहे.

सलाईनवर मात्र डॉक्टर खाली बसून बोलले. पाच टक्के ग्लुकोजची अर्धा लिटरची बाटली म्हणजे पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर. काकू चहाला वापरायच्या त्या चमच्यानं पाच-सहा चमचे. त्यात ना भात, ना मासळी, ना ताकद. मूत्रपिंडं मंदावलेली, रक्तातली प्रथिनं घटलेली, अशा वेळी ते पाणी नसांत टिकत नाही. पाय सुजतात, पोटात साचतं, फुप्फुसात उतरलं तर धाप वाढते, घशातली घरघर वाढते. शिरा सापडत नाहीत म्हणून चार ठिकाणी टोचावं लागतं ते वेगळंच. ‘आजारानं शरीर मिटत चाललंय, म्हणून जेवण सुटलंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘जेवण सुटलं म्हणून ते जात नाहीयेत.’

डॉक्टरांनी दार बंद केलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांचं मत तसंच असेल तर दोन दिवस थोडं पाणी देऊन बघू, सूज किंवा धाप वाढली तर काढू, असं ते म्हणाले. घरच्यांची लावायला तयारी असते, काढायला नसते, म्हणून थांबायचं कधी ते आधीच ठरवायचं.

काका डोळे मिटून पडले होते. सगळ्यांना वाटलं झोपलेत. त्यांनी हात वर केला. ‘माका सुई नको.’

मामा उठून गॅलरीत गेले.

काका शुद्धीवर होते, तेव्हा हा निर्णय त्यांचाच. बोलता येणार नाही अशा वेळेसाठी काय नको ते आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८च्या निकालानं झाली. तिची पद्धत फार किचकट होती, ती जानेवारी २०२३मध्ये सुधारली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. काकांनी असं काही केलं नव्हतं आणि आता नोटरी शोधण्याइतका वेळही नव्हता. त्यांचं म्हणणं डॉक्टरांनी त्यांच्या शब्दांत केसपेपरवर लिहिलं, मुलानं खाली सही केली.

घरच्यांनी मला बजावलं होतं, काकांना आजाराबद्दल काही सांगू नका. मी सांगितलं नाही. त्यांना स्वतःला काय वाटतंय ते त्यांनीच सांगावं, एवढंच म्हटलं. काका म्हणाले, ‘गिरणी बंद पडतली ह्या सायबाच्या आधी आमका कळलेला.’ काकू तिथेच होत्या. मग दोघांनी गावच्या घराच्या सात-बाऱ्याबद्दल बराच वेळ बोलून घेतलं. मी त्यात पडले नाही.

आता काकूंचं काय? खानावळ चालवलेल्या बाईला ‘भरवू नका’ एवढंच सांगून निघून येणं हा माझ्या मते निव्वळ क्रूरपणा. नर्सनं त्यांना दुसरं काम शिकवलं. दर दोन तासांनी ओल्या मऊ कापडानं तोंड आतून पुसायचं, ओठांना खोबरेल, डोकं उचलून धरून चमचाभर गार पाणी किंवा चघळायला बर्फाचा खडा. ठसका आला की थांबायचं. शेवटच्या दिवसांतली तहान बहुतेक वेळा कोरड्या तोंडाची असते, ती अशानं भागते. काकूंनी ते गजर लावून केलं. प्रत्येक वेळी वहीत खूण केली.

पण रात्री? कूस बदलायला दोन माणसं लागतात. संडास गॅलरीच्या टोकाला. पाणी पहाटे येणार. सून साडेसातला घर सोडणार. हे एका कुटुंबानं निभवायचं काम नव्हेच, आणि नेमकी इथेच घरं कोलमडतात. मग अर्ध्या रात्री अँब्युलन्स बोलावली जाते आणि माणूस कॅज्युअल्टीत जातो.

चाळीतला प्रत्येक जण सांगून गेला होता, ‘काही लागलं तर सांगा हं.’ या वाक्याचा उपयोग शून्य. दमलेला माणूस सांगत नाही. मी सुनेला घेऊन कागदावर कामं लिहिली, अगदी बारीकसारीक, आणि एकेका दारावर जाऊन एकेक काम मागितलं. शेजारच्या ताईंनी पहाटेचं पाणी भरायचं. समोरच्या खोलीत नातवाचा अभ्यास आणि रात्रीचं जेवण. गणेशोत्सव मंडळाकडे रुग्णांसाठी देतात त्यातली कमोडची खुर्ची आणि एअरबेड होता, तो दुसऱ्या दिवशी आला. मंडळाच्या मुलांपैकी दोघं दोघं आळीपाळीनं रात्री बारा वाजता आणि पहाटे चारला येऊन कूस बदलायची. नर्सनं त्यांना चादरीनं कसं सरकवायचं ते दाखवलं. दहीहंडीचे थर लावणाऱ्यांना ते लगेच जमलं. कुणी नाही म्हटलं नाही असं नाही. एका घरानं दार लावलं, ‘आमच्याकडे लहान मूल आहे’ म्हणून. कॅन्सर लागत नाही हे तेव्हा सांगितलं, पण दार काही उघडलं नाही.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी हा वेगळाच ताप होता. दारावर कागद लावला: संध्याकाळी ५ ते ६, दोघांनीच यावं, खायला आणू नये. शेवटच्या अटीवर लोक चिडले.

केरळात उत्तरेकडच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी हे काम गावोगाव उभं केलं, आणि २००८मध्ये तिथल्या सरकारनं पॅलिएटिव्ह सेवेचं धोरण केलं. आपल्याकडे मंडळं आहेत, मुलं आहेत, खुर्च्या-खाटाही आहेत. शिकवणारं आणि नेमकं मागणारं माणूस कमी पडतं. टॉवरमध्ये तर मला हे चाळीपेक्षा कठीण जातं. तिथे आधी सोसायटीच्या सेक्रेटरीपासून सुरुवात करावी लागते, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही हे बहुधा त्या दिवशी कळतं.

घरी झेपलंच नाही तर काय, हेही बोललो. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी जागा. तिथे नेलं म्हणजे टाकलं, असं कुणी मानू नये. काका नको म्हणाले म्हणून नाही नेलं, एवढंच.

एक गोष्ट घरी मरण येऊ द्यायचं ठरवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, नमुना ४ अ, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यावा लागतो. त्याशिवाय स्मशानात अडतं, आणि कुणीच दाखला दिला नाही तर प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकतं. चाळीखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे काकांचं वर्षानुवर्षं जाणं-येणं होतं. मुलगा सगळे कागद घेऊन त्यांच्याकडे आधीच गेला, ते वर येऊन तपासून गेले, रात्रीचा नंबर देऊन गेले. श्वास थांबून थांबून चालेल, घरघर होईल, हातपाय गार पडतील, त्या वेळी कुणाला फोन करायचा आणि कुणाला नाही, ते कपाटाच्या दारावर चिकटवलं.

काका पहाटे गेले. कूस बदलायला आलेली मुलं तिथेच होती. शेवटचे चार दिवस पोटात चमचाभर पाण्यापलीकडे काही नव्हतं. दुखत नव्हतं.

दहाव्याच्या रात्री मुलाचा फोन आला. बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवेना. तासभर झाला, सगळ्यांनी काय काय कबूल करून बघितलं, आणि मामा सगळ्यांदेखत बोलले, ‘अन्नावाचून गेला ना माणूस, कसा शिवेल?’ शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. ‘मॅडम, खरं सांगा. लावायला हवी होती का?’

‘तुम्ही सगळं केलंत’ असं मी अशा वेळी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. मी त्याला वही काढायला सांगितली आणि शेवटचे चार दिवस मोठ्यानं वाचायला लावले. आईच्या खुणा, दर दोन तासांनी. एकदा ‘बर्फ मागितला’. एकदा ‘हसले’. एकदा नुसतं ‘पंखा’. वाचताना तो मध्येच थांबला, मग पुन्हा वाचू लागला. मागून काकूंचा आवाज आला, ‘दादाक सांग, ताट नको म्हणालेले ते. मी ऐकलंय.’

मी विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’

‘सकाळी पटतं,’ तो म्हणाला. ‘रात्री नाही.’

महिना झाल्यावर भेटायचं ठरलंय. मामांनाही बोलावलं आहे. येतो म्हणालेले नाहीत.