एडीएचडी, ऑटिझम की दोन्ही?

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. पाचव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. आता दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, ऑटिझमही आहे. मग पहिलं निदान चुकलं होतं का?

तसं असेलच असं नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा; ऑटिझम म्हणजे इतरांशी संवाद साधण्यात अडचण आणि ठरावीकपणाचा आग्रह. दोन्ही एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. पण अनेक देशांत निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकी पुस्तिकेचा नियमच पूर्वी असा होता, की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही. ही आडकाठी २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने काढली. ‘दोन्हींपैकी एकच काहीतरी असणार’ असं अजूनही ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे.

शिवाय पाचव्या वर्षी धावणं, चढणं, मध्येच बोलणं सगळ्यांच्या नजरेत भरतं आणि ऑटिझमची लक्षणं त्याआड दडतात. सहा-सात वर्षांची मुलं खेळाचे नियम आपापसांत ठरवू लागतात, अर्धवट बोलून सूचक हसतात. तिथे मूल अडखळू लागलं की मग ऑटिझम लक्षात येतो.

प्रश्न : घरच्या घरी फरक कसा ओळखायचा?

निदान घरी करू नका. पण निरीक्षण तुमच्याइतकं कुणालाच जमणार नाही. वागणं वरून सारखंच दिसतं, म्हणून प्रत्येक वेळी कारण शोधा. खेळात मूल आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. नियम माहीत असून धीर धरवत नसेल, तर ते एडीएचडीकडे झुकतं. पाळी म्हणजे काय, समोरचा वाट पाहतोय हेच उमगत नसेल, तर ऑटिझमकडे. दोन्ही असलेल्या मुलात दोन्ही कारणं आलटून पालटून दिसतात.

दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहा : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, ते कशाने थांबलं. शिक्षकांकडूनही हेच लिहून घ्या. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांची सुरुवात बाराव्या वर्षाआधीची असावी लागते.

मूल दीड ते तीन वर्षांचं असतानाचे मोबाइलमधले व्हिडिओ जरूर न्या. आवडलेली वस्तू ते बोटाने दाखवत होतं का, ‘बघ ना’ म्हणून तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होतं का, हे त्यात दिसतं. आठवणीपेक्षा हा पुरावा कितीतरी भरवशाचा.

हाकेला ओ देत नसेल तर आधी श्रवणचाचणी करून घ्या. काही सेकंद टक लावून बसतं आणि खांद्याला हात लावला तरी भानावर येत नसेल, तर फिट्सची शक्यता तपासायला हवी. आणि झोप अपुरी असेल तर कुठलंही मूल अतिचंचल दिसतं.

प्रश्न : चित्रांचं वेळापत्रक लावलं. आठवडाभर चाललं, मग त्याने फाडून टाकलं. आमचं काय चुकलं?

तुमचं चुकलं नाही, तक्ता एकाच बाजूने विचार करून केलेला होता. ऑटिझमला ठरावीकपणा हवा असतो, एडीएचडीला त्याचाच कंटाळा येतो. म्हणून क्रम पक्का ठेवा आणि आतला तपशील बदला. गृहपाठ रोज खाण्यानंतरच, पण आज टेबलाशी तर उद्या जमिनीवर, आणि कुठे बसायचं ते मुलाने निवडायचं. एका वेळी तीन-चारच चित्रं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. काम झालं की त्याने स्वतः ते चित्र तक्त्यावरून काढून डब्यात टाकायचं. बक्षीस दर तीन-चार दिवसांनी बदला.

‘पाच मिनिटं राहिली’ हे नुसतं सांगून पोचत नाही. वेळ सरकताना दिसेल असा टायमर किंवा वाळूचं घड्याळ ठेवा. टायमरची बीप मात्र बंद करा. पुष्कळदा सगळा गोंधळ त्या आवाजानेच सुरू होतो.

मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, सुरू असताना समजावणं, दटावणं, कोपऱ्यात उभं करणं, काहीच उपयोगाचं नाही. दिवा मंद करा, माणसं कमी करा, बोलणं दोन-तीन शब्दांवर आणा. जे बोलायचं ते मूल पूर्ण शांत झाल्यावर.

प्रश्न : औषध द्यावं का?

एडीएचडीचा त्रास मोठा असेल आणि वरचे उपाय पुरत नसतील तर जरूर विचार करावा. अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने चंचलता कमी होऊ शकते, ऑटिझमची मूळ लक्षणं नाही. ऑटिझमसारख्या विकासदोषांसोबत अतिचंचलता असलेल्या ७२ मुलांवरची अमेरिकेतली एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३५ मुलांना फायदा झाला, तर १३ जणांचं औषध दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं; मुख्य तक्रार चिडचिडीची होती. फक्त एडीएचडी असलेल्या मुलांत फायद्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणून सुरुवात अगदी कमी मात्रेने होते आणि डॉक्टर ती सावकाश वाढवतात. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक अंतराने तपासून घ्या. कमी बोलणारं मूल डोकं दुखतंय, पोटात ढवळतंय हे सांगणार नाही. जेवण घटणं, झोप उडणं, अकारण रडू येणं हेच त्याचं सांगणं; तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.