उंचावर गेल्यावर कार्ब्युरेटरची मोटरसायकल का गुदमरते? फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हा त्रास का होत नाही?

उंचावर कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) हवेच्या मानाने जास्त पेट्रोल सोडतो म्हणून इंजिन गुदमरते, तर फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोलचे प्रमाण विरळ हवेनुसार आपोआप कमी केले जाते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता साधारण एक चतुर्थांशाने घटलेली असते. कार्ब्युरेटरच्या मेन जेटचे, म्हणजे पेट्रोल ज्यातून येते त्या बारीक तोटीचे, छिद्र मात्र तेवढेच राहते. त्यातून ओढले जाणारे पेट्रोल थोडे कमी होते, पण हवा जितकी कमी होते तितके नाही. अशा वेळी स्पार्क प्लग काढून पाहिल्यास त्याच्या टोकावर कोरडी, काळी काजळी धरलेली दिसते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान मोजतात, आणि त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) ठरवते. तरीही इंजेक्शनमुळे ताकद टिकून राहते असे समजू नये, कारण हवेतला प्राणवायूच कमी असल्याने दोन्ही गाड्यांची ताकद घटतेच. फरक एवढाच की इंजेक्शनची गाडी सुरळीत चालते. कार्ब्युरेटरमध्ये लहान जेट बसवणे हा उंचावर दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी माझ्या मते उत्तम उपाय आहे, मात्र खाली उतरल्यावर मूळ जेट परत बसवावाच लागतो, अन्यथा पेट्रोल कमी पडून इंजिन प्रमाणाबाहेर तापते.