परमिट रूममध्ये अकाउंट्सची नोकरी मिळतेय, घरी रोज पंचशील म्हणतो. घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की फक्त हिशेब लिहायचाय, बाटलीला हात लावायचा नाही. हेच वाक्य माझ्या मोठ्या भावाचं होतं, हिशेबाच्या जागी भाडं एवढाच फरक, म्हणून राहवलं नाही.

नागपुरात आमच्या घराखाली रोडला लागून एक गाळा आहे, बाबांनी पीएफच्या पैशातून काढलेला. बाबा गेले, गाळा रिकामाच होता, तेव्हा एक एजंट बिअर शॉपीवाल्याला घेऊन आला. भाडं चालू रेटच्या जवळपास दुप्पट, डिपॉझिट पण तगडं. टोकनचा चेक त्याने टीपॉयवर ठेवला, वर भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो. दादाने पेन काढलं होतं. आई पदराला हात पुसत आतून आली, चेक उचलून एजंटच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "रविवारी विहारात पाचवं शील म्हणायचं आणि एक तारखेला त्याचंच भाडं मोजायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही." पाचवं शील म्हणजे दारू-नशेपासून दूर राहणं. तिचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात 'मी दारू पिणार नाही' ही पण आहे, आणि आजोबांनी त्यानंतर थेंबाला हात लावला नाही. त्या घरची मुलगी दुसरं काय बोलणार! मी आईच्या बाजूने उभा राहिलो, आजही आहे. गाळा पिठाच्या गिरणीला गेला, निम्म्या भाड्यात.

दादा अजून ऐकवतो. म्हणतो, आपण नाही दिला तर दुसऱ्याने दिलाच ना. दिलाच, शॉपी पुढच्या चौकात उघडली, संध्याकाळी तिथून बायका-मुलींना रस्ता बदलून जावं लागतं. पण ती गर्दी आमच्या दारात नाही आणि तो पैसा आमच्या ताटात नाही, मला एवढं पुरतं. त्याचं दुसरं म्हणणं असं की बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार मना केले, शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा, त्यात घरमालक कुठे आहे? नाहीये, मान्य. पण सुत्तनिपातातलं धम्मिक सुत्त काढून वाचा. गृहस्थाने दारू स्वतः पिऊ नये, दुसऱ्याला पाजू नये, पिणाऱ्याला संमतीही देऊ नये, असं तिथे स्पष्ट आहे. मग भाडेकरारावर सही करणं ही संमती नाही तर काय आहे? सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे दिलेत, पैसा जातो, भांडणं वाढतात, आजार लागतात, बदनामी होते, लाज सुटते, बुद्धी मंदावते. आमच्या वस्तीत राहिलेल्या माणसाला ही यादी वाचून दाखवायची गरज नाही, प्रत्येक गल्लीत एक घर तसं आहे. शील फक्त वंदनेपुरतं ठेवायचं आणि व्यवहार आला की "ते वेगळं" म्हणायचं, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही, दादा मोठा असला तरी.

तर तुमचं. दुसरीकडे थोड्या कमी पगारात जमत असेल तर ही नोकरी घेऊ नका.

आता हेही सांगतो, आमच्याकडे तेव्हा माझा पगार चालू होता, चूल अडलेली नव्हती. तुमच्या घरी तुम्ही एकटेच कमावते असाल, आईवडिलांचं औषधपाणी तुमच्यावर असेल, तर घ्या आणि शोधत राहा, त्यासाठी कुणी तुम्हाला बौद्ध नाही म्हणणार नाही, निदान मी तरी नाही. पण जायच्या आधी एक विचारून घ्या, बिलं एकाच बुकात निघतात की दोन. दोन असतील तर रोज खोटं लिहायला तुमचाच हात लागणार, मग पाचव्याबरोबर चौथं, खोटं न बोलण्याचं शीलही गेलं, आणि धाड पडली की अकाउंटंटलाही बोलावतात.

घरी अजून कोण कमावतं ते लिहिलं नाहीत तुम्ही, ते कमेंटमध्ये टाका.