चित्र रोज दिसतं, तरी सुटत का नाही?

“मॅडम, तंबाखूच्या पुडीवरचं कर्करोगाचं एवढं भयंकर चित्र रोज हातात धरतात, तरी खातात. म्हणजे आमची काहीच पर्वा नाही ना त्यांना?”

तंबाखू खाणाऱ्यांच्या बायका, आया, मुली मला हा प्रश्न नेहमी विचारतात. या ताई आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुड्यांवरून कापलेल्या चित्रांची चळत होती. आरशावर, कपाटाच्या दारावर, नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा त्यांनी ती चिकटवली होती. आठ वर्षांची मुलगी रात्री दचकून उठायला लागली, नवरा घरी जेवेनासा झाला, तंबाखू मात्र वाढली.

नवरा सूतगिरणीत, बहुतेक रात्रपाळीला. दुसऱ्या भेटीला तोही आला. खिशातलं सगळं टेबलावर ठेवा म्हटलं, तर दोन तोंडांची डबी निघाली. एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. चुन्याकडची कड बोट घासून घासून गुळगुळीत झालेली. पुडी मात्र कुठेच नव्हती.

“पुडी टपरीवरच फाडतो, डबीत ओततो. कागद तिथंच टाकतो.”

“का?”

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “बघवत नाही.” त्याच्या खात्यातल्या जोडीदाराच्या गालाचं ऑपरेशन झालं होतं. पुडीवर त्याला तोच दिसायचा.

ताईंना मी एवढंच म्हटलं, ज्याला काहीच वाटत नाही तो चित्र लपवत नाही. भीती त्याच्या मनात केव्हाच बसली आहे. पण ताण आला की चिमूट मळायची, ही वीस वर्षांची सवय. घरात पाऊल ठेवताच भीती वाढली की हात पुन्हा डबीकडेच जाणार. निकोटीनची तलफ ही शरीराची मागणी असते, तिचा माया-ममतेशी संबंध नाही.

म्हणून चित्रं निरुपयोगी आहेत, असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे ती ३१ मे २००९ पासून आली, तेव्हा फक्त पुढच्या बाजूला ४० टक्के जागेत. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के झाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू चघळणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांनी सांगितलं, की या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार मनात आला. विचार आला, हे फार मोठं आहे. त्या विचाराला पुढची वाट हवी असते, आणि ती २०१८ पासून त्याच पुडीवर छापलेली आहे: १८००-११-२३५६, तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत फोन. याने तो नंबर कधी वाचलाच नव्हता, कारण कागद टपरीवरच राहायचा.

आम्ही आधी घरातली चित्रं काढायला लावली. मग त्याने वहीत प्रत्येक बार, म्हणजे तोंडात टाकलेली प्रत्येक चिमूट, लिहिला. दिवसाला चौदा निघाले, त्यातले नऊ रात्री बारा ते पाच या वेळात, झोप उडवायला. तिथूनच सुरुवात केली. तलफ आली की दहा मिनिटं थांबायचं, चूळ भरायची, भाजलेला ओवा नाहीतर लवंग तोंडात. डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम. पहिला आठवडा चिडचिडीत जाईल, हे ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवसांत भांडण झालं नाही. एकदा दसऱ्याच्या रात्री मित्रांत बसून त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला.

तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे आत तीन बोटं उभी जातात का, हेही पाहिलं. जेमतेम दोन गेली. दंतवैद्यांना आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासला, कर्करोग नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे.

मधल्या एका भेटीत कळलं, सासूबाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. तव्यावर घरीच भाजलेली तंबाखू, तिला ना पुडी ना चित्र. तिला व्यसन म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या बाया आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

त्याला डबी बंद करून अकरा आठवडे झाले. पुढच्या महिन्यात दंतवैद्यांकडे जाताना तो आईलाही सोबत नेणार आहे.