गाडीचे वजन घटवण्याची सुरुवात कुठून करावी

आपली १९९० सालची माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी स्पोर्ट्स कार मुळातच जेमतेम एक टनाची आहे. म्हणून पाना हाती घेण्याआधी गाडी काट्यावर तोलून घ्यावी आणि काढलेल्या प्रत्येक भागाचे वजन वहीत नोंदवत जावे.

ट्रॅकवर जाताना डिकीतील जादा चाक, जॅक आणि हत्यारे घरी ठेवावीत, कारण या बचतीला एक पैसाही लागत नाही. त्यानंतर खर्च करायचाच असेल, तर तो हलक्या चाकांवर करावा: चाकांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे स्प्रिंग ते पेलत नाहीत, आणि त्यांना फिरवण्यातही इंजिनाची शक्ती खर्च होते, त्यामुळे तिथे वाचलेला एक किलो गालिच्याखालून वाचलेल्या किलोपेक्षा कितीतरी मोलाचा ठरतो. दिसायला छान म्हणून सतरा इंची जड चाके बसवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

हलकी बॅटरी बसवताना सावध राहावे. ती डिकीत असल्यामुळे सीलबंद आणि वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्यावी.

सीटबेल्टला, तसेच गाडीत असल्यास एअरबॅग आणि दारांतील पोलादी आडव्या पट्ट्यांना मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मुळीच हात लावू नये. कार्बन फायबर या हलक्या पण महाग साहित्याच्या भागांचा विचार पुढच्या वर्षी करू.